मरणोत्तर बढती मिळालेले देव

शुक्रवार, २१ फेब्रुवारी, टोकियो

ओतेमाची हा टोकियोतल्या बँकांचा आणि बड्या कंपन्यांचा भाग. सम्राटाचा राजवाडा हाकेच्या अंतरावर. इथल्या जमिनीच्या भावाचा विचार न केलेलाच बरा. मेट्रोच्या सी-५ दारातून वर आलं की काचेच्या उंच इमारतींच्या बेचक्यात एक मोकळा तुकडा दिसतो. दोन-चार पायऱ्या, स्वच्छ फरसबंदी आणि मागे एक उभा कोरीव दगड. ताइरा नो मासाकादो या सरदाराचं मुंडकं इथे आहे, असं हजार वर्षं मानलं जातंय.

मासाकादो हा पूर्वेकडच्या कान्तो भागातला लढवय्या. ९३९ मध्ये त्याने आसपासच्या प्रांतांची सरकारी ठाणी ताब्यात घेतली आणि स्वतःला ‘नवा सम्राट’ म्हणवून घेतलं. पुढच्याच वर्षी लढाईत तो मारला गेला. मुंडकं क्योतोला नेऊन चव्हाट्यावर टांगलं. पुढचं दंतकथेत येतं: ते मुंडकं डोळे उघडे ठेवून रात्रभर दात खात असे, आणि एके रात्री आपलं धड शोधत पूर्वेला उडालं ते इथे येऊन पडलं.

दंतकथेपेक्षा मला विसाव्या शतकातली हकिगत जास्त आवडते. १९२३ च्या भूकंपात अर्थ मंत्रालय जळालं. मग हा उंचवटा खणून सपाट केला आणि वर तात्पुरती कचेरी बांधली. १९२६ मध्ये अर्थमंत्री हायामी सेइजी वारले, खात्यातली आणखीही माणसं एकामागून एक गेली, काहींचे पाय मोडले. कुजबुज इतकी वाढली की मंत्रालयाने इमारत पाडली आणि रीतसर शांत केली. १९४० मध्ये, म्हणजे मासाकादो मेल्याला बरोबर हजार वर्षं झाली तेव्हा, वीज पडून मंत्रालय पुन्हा जळालं. पुन्हा शांत. युद्धानंतर अमेरिकी सैन्य इथे गाड्यांचा तळ करायला निघालं, तर बुलडोझर उलटून चालक मेला, असं सांगतात. जागा तशीच राहिली.

माझी धाकटी बहीण तेहतीस वर्षं महसूल खात्यात होती. ती म्हणाली, “अगं, अर्थ खात्याने माघार घेतल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकतेय.”

जेवणाची सुट्टी झाली तशी गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं येऊ लागली. येतात, वाकतात, हात जोडतात, फोनकडे बघत निघून जातात. कुणी घाबरलेलं दिसत नाही. आपल्याकडे कामावर जाताना माणसं वाटेतल्या मारुतीला पटकन हात जोडून पुढे जातात ना, अगदी तसंच.

शनिवार, कान्दा आणि मग क्योतो

भाचा निशि-कासाइला राहतो. तिथे इतके भारतीय आहेत की वाण्याकडे पोहेसुद्धा मिळतात. तो सकाळी येऊन आम्हाला कान्दा म्योजिनला घेऊन गेला. अकिहाबाराच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून चालत दहा-पंधरा मिनिटं. साथीचे दिवस आले तेव्हा लोकांना मासाकादोचा राग आठवला, आणि १३०९ मध्ये त्याला इथला देव म्हणून बसवलं. १६१६ मध्ये शोगुनांनी, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्यांनी, हे देऊळ आजच्या जागी हलवलं. बंडखोर सरदार एदो शहराचा, म्हणजे जुन्या टोकियोचा, राखणदार झाला.

पण सरकार बदललं की देवाचीही फाइल उघडते. १८७४ मध्ये सम्राट मेइजी इथे येणार असं ठरलं. सम्राटाने एका राजद्रोह्यापुढे कसं वाकायचं? म्हणून मासाकादोला मुख्य गाभाऱ्यातून काढून बाजूच्या छोट्या देवळात ठेवलं आणि दुसरा देव आणून बसवला. आसपासच्या लोकांना ते मुळीच रुचलं नाही. मासाकादो मूळ जागी परत आला तो १९८४ मध्ये, एकशे दहा वर्षांनी.

आता तिथे संगणकाच्या रक्षणाचा ताईत मिळतो, लॅपटॉपवर चिकटवायचा. भाच्याने एक घेतला आणि लगेच खुलासा केला, “गंमत म्हणून हं, मावशी.”

इथली एक पथ्याची गोष्ट सांगायला हवी. मासाकादोचा पाडाव व्हावा म्हणून ज्या भिक्षूने होम केला, त्याच्यामुळे नारिताचं मोठं बौद्ध मंदिर उभं राहिलं. तिथली मुख्य मूर्ती फुदो म्योओची, म्हणजे आपल्या संस्कृत ग्रंथांतला अचलनाथ. म्हणून कान्दाचे जुने भाविक नारिताच्या देवळाची पायरी चढत नाहीत. बहिणीने विचारलं, “विमानतळ धरायचा का यात?” पुजाऱ्याला विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

दुपारच्या शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, क्योतो. सव्वादोन तास. फुजी उजव्या खिडकीतून दिसला, तोही अर्धाच.

रविवार, क्योतो

आज सम्राटाचा वाढदिवस, सार्वजनिक सुट्टी. आम्ही गेलो ते मेल्यावर सम्राट झालेल्या माणसाकडे.

शहराच्या उत्तरेला कुरामागुचि स्टेशनाजवळ कामि-गोर्यो हे देऊळ आहे. परदेशी पर्यटक जवळजवळ नाहीत. एक आजोबा कुत्रं घेऊन आले होते, दोन मुलं सायकली फिरवत होती. इथला पहिला देव राजपुत्र सावारा, सम्राट कान्मुचा सख्खा भाऊ आणि युवराज. ७८५ मध्ये नागाओकाला नवी राजधानी उभी राहत होती. ते काम बघणारा अधिकारी बाणाने मारला गेला आणि आळ सावारावर आला. त्याला एका बौद्ध मंदिरात डांबलं. मी निर्दोष आहे म्हणत त्याने अन्नपाणी सोडलं आणि आवाजी बेटावर हद्दपारीला नेताना वाटेतच प्राण सोडला. तरी प्रेत थांबवलं नाही, बेटावर नेऊनच पुरलं.

मग कान्मुच्या घरात मरणं सुरू झाली. एक राणी, मग आई, मग पट्टराणी. नवा युवराज, म्हणजे कान्मुचा मुलगा, आजारी पडला तो बरा होईना. ज्योतिषांनी सांगितलं, हे सावाराचं आहे. ७९४ मध्ये राजधानीच हलवली, आणि तेच हे क्योतो. हे शहर वसण्यामागे राजकारण होतं, पूर होते, पण त्यात ही भीतीही होती. ८०० मध्ये कान्मुने मेलेल्या भावाला ‘सम्राट सुदो’ अशी पदवी दिली.

बहिणीच्या डोळ्यांत चमक आली. “म्हणजे मानीव दिनांक देऊन पदोन्नती!” सरकारी नोकरीत अन्यायाने डावललेल्या माणसाला मागची तारीख धरून वरचं पद देतात, त्याला म्हणतात मानीव दिनांक. “सेवापुस्तकात नोंद घेतली, निलंबन रद्द. फक्त थकबाकी घ्यायला माणूस नाही.”

ती हसत म्हणाली, पण मला तिथल्या तिथे पटलं, आणि पुढच्या साऱ्या प्रवासात ते सुटलं नाही. या भुतांना मांत्रिक बोलावून हाकलत नाहीत. दरबार आपला जुना हुकूम मागे घेतो, हुद्दा परत देतो, वर एक हुद्दा चढवतो आणि देऊळ बांधून देतो. चूक सरकारी, म्हणून दुरुस्तीही सरकारी. ‘तुमच्यावर अन्याय झाला’ हे जिवंतपणी न निघालेलं वाक्य मेल्यावर तांबड्या शिक्क्यानिशी निघतं. अशा मान देऊन शांत केलेल्या आत्म्यांना गोर्यो म्हणतात. कामि-गोर्योत सावाराच्या रांगेला असे आणखी आहेत: पदावरून काढलेली राणी इनोए, तिचा मुलगा ओसाबे, हद्दपारीच्या वाटेवर मेलेला सुलेखनकार ताचिबाना नो हायानारि. सगळे दरबाराच्या भांडणात बळी पडलेले.

आवारात एक दगड आहे. जपानला शंभर वर्षांच्या अंदाधुंदीत लोटणारं ओनिनचं युद्ध १४६७ मध्ये याच झाडीत सुरू झालं, असं त्यावर आहे. अक्षर माजी पंतप्रधान होसोकावा मोरिहिरो यांचं. त्या युद्धातल्या एका बाजूचं नेतृत्व होसोकावा घराण्याकडेच होतं. शांतीसाठी बांधलेल्या देवळात युद्ध सुरू व्हावं, यावर भाचा बराच वेळ खूश होता.

समोर १४७७ पासूनचं दुकान आहे. एकच पदार्थ करतात, कराइता: पत्त्यासारख्या पातळ, तपकिरी कडांच्या गोड चकत्या. रोगराई टळावी म्हणून देवाला दाखवायच्या नैवेद्यातून आलेल्या. त्यात अंडं असतं, न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. चवीला बेकरीतल्या नानकटाईची कडक, सडपातळ बहीण.

दुपारी निजो किल्ल्याच्या दक्षिणेला शिन्सेन-एन. एके काळी राजाचं हे भलंमोठं उद्यान होतं, आता एक तळं, लाल पूल आणि बदकं उरली आहेत. पण या विषयात सगळ्यांत महत्त्वाची जागा हीच. ८६३ मध्ये साथीने माणसं पटापट मरत होती. तेव्हा दरबाराने इथे सहा रुष्ट आत्म्यांची जाहीर पूजा मांडली. बौद्ध सूत्रांचं पठण झालं, मुलांनी नाच केले, कुस्त्या आणि घोड्यांच्या शर्यती झाल्या, आणि राजोद्यानाचे दरवाजे सामान्य माणसासाठी उघडले. मेलेल्यांची करमणूक करायची तर गर्दीही हवी, असं काहीसं गणित असावं. सहा वर्षांनी इथेच देशातल्या प्रांतांच्या संख्येइतके सहासष्ट भाले उभारून पुन्हा पूजा झाली. त्यातून जुलैतला तो प्रसिद्ध गिओन उत्सव आला, रथांचा.

सोमवार, क्योतो

सुट्टी अजून चालू, म्हणून भाचाही बरोबर.

सकाळी शिरामिने. गेल्या गेल्या दिसले ते फुटबॉल. काचेच्या कपाटात चेंडूच चेंडू: शाळांचे, क्लबांचे, काहींवर सह्या. ही जागा पूर्वी आसुकाइ घराण्याची होती. दरबारी चेंडूचा खेळ, केमारी, हा त्यांचा वारसा. म्हणून इथे चेंडूची देवता आहे आणि खेळाडू नवस बोलायला येतात. त्या गर्दीत मुख्य देवाची आठवण किती जणांना असते, कोण जाणे. मुख्य देव आहे सम्राट सुतोकु, जपानमधल्या रुष्ट आत्म्यांतला सगळ्यांत भयंकर.

त्याची कथा घरातूनच सुरू होते. बाप तोबा त्याला आपला मुलगा मानायला तयार नव्हता. हा आपल्या आजोबांचा मुलगा, म्हणजे नात्याने आपला काकाच, असा त्याला संशय होता म्हणतात. सुतोकुला गादी सोडायला लावली. ११५६ मध्ये सख्ख्या भावाविरुद्ध तो उठला, एका रात्रीत हरला आणि शिकोकु बेटावरच्या सानुकि प्रांतात हद्दपार झाला. तिथे त्याने बौद्ध सूत्रांच्या प्रती लिहून काढल्या आणि क्योतोच्या देवळात ठेवा म्हणून पाठवल्या. त्यात शाप असेल या भीतीने दरबाराने त्या परत केल्या. मग त्याने जीभ चावून रक्ताने लिहिलं, की मी जपानचा महादैत्य होईन, राजाला प्रजा करीन आणि प्रजेला राजा. ११६४ मध्ये तो वारला. जीभ चावल्याचा भाग कथेतला असेल. पण नंतरच्या शतकांत सत्ता खरोखरच सम्राटांकडून सामुरायांकडे गेली, आणि लोकांनी दोन्हींची सांगड घातली.

सातशे वर्षांनी, १८६८ मध्ये, सत्ता पुन्हा सम्राटाकडे आली. तरुण मेइजीने राज्यारोहणाच्या सुमारास दूत पाठवला तो सानुकिला, सुतोकुच्या समाधीपाशी. परत चला, आणि आमच्या सैन्याला साथ द्या, अशी विनवणी करायला. रेल्वे, तारायंत्र, आधुनिक फौज यांची तयारी चालू असताना! त्यासाठी बांधलं ते हे देऊळ.

बहीण म्हणाली, “सातशे वर्षं फाइल पेंडिंग.”

दुपारी गिओनमध्ये यासुइ कोन्पिरागु. सुतोकुचंच दुसरं ठाणं, पण इथला नूर वेगळा. आत एक दगड आहे, दीड मीटर उंच, तीन मीटर रुंद. म्हणजे दगड असावा असं समजायचं, कारण तो दिसतच नाही. पांढऱ्या कागदी पट्ट्यांचे थरांवर थर चिकटलेले, ओल्या भिजलेल्या एखाद्या जनावराची लोकर वाटावी असे. मधे एक भोक. कागदावर आपलं गाऱ्हाणं लिहायचं, तो हातात धरून भोकातून समोरून मागे सरपटत जायचं, की वाईट नातं तुटतं. मग मागून पुढे यायचं, चांगलं जुळतं. शेवटी कागद दगडाला डकवायचा.

रांग रस्त्यापर्यंत होती आणि बहुतेक तरुण मुली. चांगल्या कोटातल्या, टाचांचे बूट घातलेल्या मुली गुडघ्यांवर बसून त्या भोकात शिरत होत्या, मैत्रिणी पर्स धरून उभ्या. एकीचे केस कागदांत अडकले. बाजूला टांगलेल्या लाकडी पाट्या भाचा वाचत होता. दारू सुटू दे. वरिष्ठांची बदली होऊ दे. नवऱ्याचा त्या बाईशी संबंध तुटू दे. पुढच्या दोन पाट्या त्याने वाचल्या आणि “हे नको” म्हणत कान लाल करून बाजूला झाला. ज्याची सगळीच नाती तुटली, त्याच्याकडे लोक नाती तोडायला येतात, याला एक क्रूर तर्क आहे. मला सुतोकुची ओळख शिरामिनेपेक्षा इथे जास्त पटली.

यासाका चालत पाच-सात मिनिटांवर. लाल कमान, गर्दी, किमोनो भाड्याने घेतलेले पर्यटक. थोडक्यात सांगते: गिओन हे नाव म्हणजे आपल्या श्रावस्तीचं जेतवन. इथल्या जुन्या देवाला, बैलाच्या मस्तकाच्या गोझु तेन्नोला, त्या विहाराचा रक्षक मानत. १८६८ मध्ये सरकारने बौद्ध आणि शिंतो, म्हणजे जपानचा मूळ धर्म, वेगळे केले, तेव्हा त्याचं नाव काढून सुसानोओ या शिंतो देवाचं ठेवलं आणि देवळाचं नावही बदललं. उत्सव मात्र साथ शमवणाराच राहिला.

संध्याकाळी भाचा टोकियोला परतला.

मंगळवार, २५ फेब्रुवारी, कितानो

ही तारीख साधायची म्हणून सगळा प्रवास फेब्रुवारीत बसवला होता. सुगावारा नो मिचिझाने याची ही पुण्यतिथी. कितानो तेन्मान्गु या त्याच्या देवळात आज प्लमच्या फुलांचा उत्सव असतो, आणि दर महिन्याच्या २५ तारखेचा जुना बाजारही. रस्त्यापासूनच जुने किमोनो, फुटके-सांधलेले वाडगे, लोखंडी किटल्या, तळलेल्या पिठाचा वास.

मिचिझाने राजघराण्यातला नव्हता, सरदारही नव्हता. पंडित घराण्यातला कवी, विद्वत्तेवर उजव्या मंत्र्याच्या पदापर्यंत चढला. डावा मंत्री फुजिवारा नो तोकिहिरा याला ते खुपलं. हा आपल्या जावयाला गादीवर बसवायला बघतोय, असं त्याने सम्राट दाइगोच्या कानी घातलं. ९०१ मध्ये मिचिझानेला क्यूशूतल्या दाझाइफुला पाठवलं, नावाला अधिकारी, खरं तर हद्दपार. निघताना त्याने अंगणातल्या प्लमच्या झाडाला उद्देशून कविता केली: पूर्वेचा वारा सुटला की मला सुगंध पाठव, धनी नाही म्हणून वसंत विसरू नकोस. दोन वर्षांत तो तिकडेच वारला.

९०९ मध्ये तोकिहिरा गेला, चाळिशीही गाठली नाही. ९२३ मध्ये युवराज गेला. त्याच वर्षी दरबाराने मिचिझानेला मंत्रिपद परत दिलं आणि हद्दपारीचा हुकूम जाळला. तरी ९३० मध्ये, पाऊस का पडत नाही यावर महालात बैठक चालू असताना, काळा ढग आला आणि सेइर्योदेन या सम्राटाच्या निवासावरच वीज पडली. फुजिवारा नो कियोत्सुरा छाती फाटून जागच्या जागी ठार. ते डोळ्यांनी पाहिलेल्या दाइगोने अंथरूण धरलं आणि तीन महिन्यांत तोही गेला. मग मात्र शंका उरली नाही. कितानोला विजेच्या देवाचं ठाणं आधीपासून होतंच, तिथे ९४७ मध्ये मिचिझानेचं देऊळ झालं. ९९३ मध्ये त्याला राज्यातलं सर्वोच्च पद मिळालं, मुख्यमंत्री म्हणा. मरून नव्वद वर्षांनी.

आणि पुढे राग निवला तसा खरा स्वभाव वर आला: पंडिताचा. आज तो विद्येचा देव आहे. देशभर त्याची हजारो देवळं आहेत आणि परीक्षेच्या मोसमात मुलं, त्याहून जास्त त्यांच्या आया, तिथे रांगा लावतात. आजच राष्ट्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षा सुरू होत्या. लाकडी पाट्यांच्या चळती एकमेकींवर दाबून बसल्या होत्या.

आवारभर बसलेले बैल आहेत, दगडाचे आणि काशाचे. आपलं जे अंग दुखतं तेच बैलाचं चोळायचं, आणि शहाणपण हवं तर डोकं. एक काळसर बैल मी बराच वेळ पाहत होते. पाठ खरखरीत, शेवाळलेली. पण कपाळ आणि नाक तेल लावल्यासारखं गुळगुळीत, गळ्यात लाल पट्टा. शाळेच्या गणवेशातला मुलगा आला, टोपी काढली, बैलाच्या डोक्यावर हात फिरवला, तोच हात स्वतःच्या डोक्यावर फिरवला, आणि असं पाच-सहा वेळा, भांडी घासावीत तसं मन लावून.

बैल का, याची कारणं अनेक सांगतात. त्यातलं एक आम्हा दोघींना थेट भिडलं. मिचिझानेचं दैवी नाव ‘तेन्मान दाइजिझाइ तेन्जिन’. त्यातला दाइजिझाइतेन म्हणजे बौद्ध धर्माबरोबर जपानात पोचलेला महेश्वर, पांढऱ्या बैलावर बसणारा. एक बदनाम झालेला कवी, त्याच्या नावात शंकर आणि दारात नंदी. बहीण चपला काढायला वाकली आणि आठवून पुन्हा सरळ झाली. इथे बूट काढत नाहीत. मुख्य इमारत १६०७ ची, तिच्या लाकडी जाळीत एकच बैल उभा कोरलेला आहे, तो शोधायला दहा मिनिटं गेली.

तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने १५८७ मध्ये इथे भरवलेल्या चहापानाच्या आठवणीत शेजारच्या कामिशिचिकेन भागातल्या गेइको, म्हणजे क्योतोच्या गेइशा, आज उघड्यावर चहा देतात. त्याची तिकिटं आधीच संपली होती. आम्ही दोरीबाहेरून पाहिलं आणि बाजारात गेलो. फुलं यंदा उशिरा, निम्म्या फांद्यांवर कळ्याच होत्या.

बुधवार, दाझाइफु

शिनकान्सेनने हाकाता, मग फुकुओकातल्या तेन्जिन स्टेशनावरून खाजगी रेल्वे. स्टेशनालाही त्याचंच नाव.

देवळाच्या वाटेवर दोन्ही बाजूंना उमेगाए मोची भाजतात: तांदळाच्या पिठाची चपटी पुरणपोळीची धाकटी, आत लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड पुरण. गरम खावी, गार झाली की चामडं. तळ्यावर तीन पूल आहेत, भूत, वर्तमान आणि भविष्य. पहिल्यावर मागे वळून पाहायचं नाही. बहिणीने तिथेच मागे वळून मला फोटो काढायला सांगितला.

मूळ देऊळ १५९१ चं, आम्ही गेलो तेव्हा दुरुस्तीसाठी झाकलेलं. पुढे वास्तुकार सोउ फुजिमोतो यांनी तात्पुरता सभामंडप बांधला होता, ज्याच्या छतावर खरी झाडं वाढली होती. मला तो आवडला, बहिणीला ‘गच्चीवर वड उगवल्यासारखा’ वाटला. शेजारी उडून आलेलं प्लमचं झाड, धन्यामागे क्योतोहून एका रात्रीत आलेलं. त्याला मात्र भरगच्च पांढरा बहर होता. हे देऊळ म्हणजेच त्याची समाधी: प्रेत नेणाऱ्या गाडीचा बैल इथे बसला तो उठेना, म्हणून इथेच पुरलं.

परतताना फुत्सुकाइचिला उतरून एनोकि-शाला गेलो. पर्यटक इथे येत नाहीत. रुळांच्या कडेला एक मोकळं आवार, मोठी झाडं, छोटं देऊळ. मिचिझाने राहिला आणि वारला ते घर इथे होतं, छप्पर गळकं, जेवायची मारामार. पहाऱ्याला न जुमानता एक शेजारची म्हातारी त्याला प्लमच्या फांदीवर खोचून मोची द्यायची, त्यावरून उमेगाए मोची. तिचंही देऊळ मागच्या बाजूला आहे. दर सप्टेंबरला मिचिझानेची पालखी वाजतगाजत मोठ्या देवळातून इथे येते, एक रात्र मुक्काम करते, आणि पहिला मान म्हातारीचा असतो.

तुम्ही जाणार असाल तर उलट्या क्रमाने जा: सकाळी आधी एनोकि-शा, मग मोठं देऊळ. आणि मोची दुपारी घेऊ म्हणून थांबू नका, चार वाजता रांगा लागतात.